विश्लेषण : जर्मनीला जाताना विमा म्हणजे ‘व्हिसापुरता कागद’ समजणे का महागात पडते?

भारतीय कुशल कामगारांना दरवर्षी द्यायच्या व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याची घोषणा जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला होता. हिंजवडीतला अभियंता, जिल्हा रुग्णालयात अनुभव घेतलेली परिचारिका, आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन असे सगळेच आता जर्मन शिकवण्यांना बसलेले दिसतात. या मंडळींच्या तयारीच्या यादीत कुकर असतो, गोडा मसाला असतो, प्रमाणपत्रांची भाषांतरे असतात. विमा मात्र सगळ्यात शेवटी येतो आणि तोही ‘व्हिसाला लागतो म्हणून, स्वस्तातला बघ’ अशा सुरात.

गेल्या वर्षी माझा भाचा श्टुटगार्टला निघाला तेव्हा त्यानेही फोनवर हेच विचारले. ‘‘मामा, ऑनलाइन एक पॉलिसी मिळतेय, महिन्याला चाळीस युरो. घेऊन टाकू ना?’’ वय ३३, पगार वर्षाला ८२ हजार युरो, बायको पहिले वर्षभर तरी नोकरी करणार नाही, मुलगी चार वर्षांची. त्याला ‘थांब’ म्हणालो. का म्हणालो, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

आपल्या मेडिक्लेमपेक्षा तिथला विमा वेगळा कसा?

आपल्याकडे आरोग्य विमा ही बाजारातून विकत घ्यायची वस्तू आहे. जर्मनीत ते एका व्यवस्थेचे सदस्यत्व आहे. बिस्मार्कच्या काळात, १८८३ मध्ये, कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा तिथे झाला आणि आजही मूळ कल्पना तीच आहे. प्रत्येकाने आपल्या कमाईच्या प्रमाणात भरायचे आणि आजाराच्या प्रमाणात घ्यायचे. देशात राहणाऱ्या प्रत्येकाला विमा सक्तीचा आहे. पर्याय दोनच. एक सार्वजनिक, म्हणजे ‘क्रांकनकासे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, कायद्याने बांधलेल्या ना-नफा संस्थांचा. दुसरा खासगी कंपन्यांचा.

सार्वजनिक विम्यात वर्गणी पगाराच्या १४.६ टक्के, त्यावर प्रत्येक संस्थेची स्वतःची अतिरिक्त वर्गणी. तिची २०२६ सालासाठीची सरासरी २.९ टक्के ठरली आहे. यातला अर्धा भार कंपनी उचलते. वृद्धापकाळातील शुश्रूषेच्या विम्याचे ३.६ टक्के वेगळे असतात आणि २३ वर्षांवरील निपत्यांना त्यात थोडा अधिभार पडतो. ही वर्गणी वर्षाला ६९,७५० युरोपर्यंतच्या पगारावरच मोजली जाते, त्यावरच्या कमाईवर नाही. माझ्या भाच्याचा हिशेब केला तर त्याच्या खिशातून महिन्याला सुमारे ६१३ युरो जातात आणि जवळपास तेवढेच कंपनी भरते.

आकडा ऐकून त्याला घाम फुटला. साठ हजार रुपयांच्या वर, तेही दर महिन्याला! पुण्यात अख्ख्या कुटुंबाच्या वर्षाच्या पॉलिसीला एवढे लागत नव्हते. पण या रकमेत काय येते ते पाहायला हवे. बायकोला स्वतःचे उत्पन्न नसेल (२०२६ च्या नियमानुसार साधारणपणे महिन्याला ५६५ युरोपर्यंत चालते), तर ती आणि मुलगी एक पैसाही जास्त न भरता त्याच विम्यात येतात. पूर्वीचा आजार विचारला जात नाही. बाळंतपण, त्यानंतर घरी येणारी सुईण, लसीकरण, सगळे त्यातच. विम्याच्या रकमेची मर्यादा, खोलीभाड्याची मर्यादा, टीपीएच्या मंजुरीची वाट पाहत रुग्णालयाच्या काउंटरवर उभे राहणे हे प्रकार नाहीत. रुग्णालयात दाखल झाल्यास दिवसाला १० युरो, तेही वर्षात २८ दिवसांपुरते, आणि औषधाच्या चिठ्ठीमागे ५ ते १० युरो एवढेच स्वतःचे. दीर्घ आजारात पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते. त्यानंतर क्रांकनकासे एकूण पगाराच्या ७० टक्क्यांपर्यंत रक्कम देते आणि एकाच आजारासाठी तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत हे चालू शकते. आपल्या मेडिक्लेममध्ये रुग्णालयाचे बिल भागते, पण घरचे वाणसामान भागत नाही. इथे तेही धरलेले आहे.

उणिवा नाहीत असे नाही. प्रौढांच्या चष्म्याला सहसा काही मिळत नाही, दातांच्या कामात बराच खर्च आपला असतो आणि त्वचारोग किंवा हाडांच्या तज्ज्ञाची वेळ मिळायला आठवडेच्या आठवडे जातात. ताप आला म्हणून गेलेल्या मराठी माणसाला घरगुती डॉक्टर ‘चहा प्या, झोपा’ असे सांगून परत पाठवतो, तेव्हा एवढी वर्गणी कशाला भरतो असे त्याला वाटते. त्या चहाची सवय व्हायला वर्ष लागते.

मग निवड कोणाला करावी लागते?

बहुतेकांना करावीच लागत नाही. २०२६ मध्ये ज्याचा वार्षिक पगार ७७,४०० युरोपर्यंत आहे, तो नोकरदार आपोआप सार्वजनिक विम्यात असतो. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, नव्याने लागलेले बहुतेक अभियंते यातच येतात. त्यांनी फक्त कुठली क्रांकनकासे हे ठरवायचे. सेवा बहुतांशी कायद्यानेच ठरलेल्या असल्याने अतिरिक्त वर्गणी कुठे कमी आहे आणि इंग्रजीतून बोलणारे कोणी फोनवर मिळते का, एवढे पाहिले तरी पुरे.

खरा पेच त्या मर्यादेच्या वर कमावणाऱ्यांचा आहे, आणि आपल्याकडून दहा-बारा वर्षांच्या अनुभवावर जाणारे आयटीतले लोक नेमके तिथेच बसतात. त्यांना खासगी विमा घेता येतो. एजंटांचे फोन, मराठी-हिंदी यूट्यूब वाहिन्यांवरचे सल्ले आणि ‘ओळखीचा माणूस आहे’ हे सगळे त्यांच्याभोवतीच फिरते. कारण उघड आहे. खासगी विमा विकणाऱ्याला अनेक महिन्यांच्या हप्त्यांइतके कमिशन मिळते, क्रांकनकासेत दाखल करून देणाऱ्याला त्यामानाने किरकोळ.

खासगी विम्याचा हप्ता पगारावर नाही, तर वय, प्रकृती आणि घेतलेल्या सुविधांवर ठरतो. तिशीतल्या निरोगी, एकट्या माणसाला तो सार्वजनिकपेक्षा कमी पडू शकतो. डॉक्टरची वेळ लवकर मिळते, रुग्णालयात स्वतंत्र खोली मिळू शकते. यात खोटे काही नाही. पण बायकोचा हप्ता वेगळा, मुलीचा वेगळा. बायकोला थायरॉइड असेल तर अधिभार किंवा सरळ नकार. बाळंतपणाला आठ महिन्यांपर्यंत प्रतीक्षा कालावधी असू शकतो. कंपनी आपला वाटा देते, पण ठरावीक मर्यादेपर्यंतच. वय वाढते तसा हप्ता वाढत जातो आणि निवृत्तीनंतर उत्पन्न घटले म्हणून तो घटत नाही. परतीची वाटही अरुंद आहे. पगार मर्यादेखाली आला तर सार्वजनिक विम्यात परतता येते, पण वयाच्या ५५ नंतर ती वाट जवळजवळ बंद होते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ज्याच्या घरात कमावणारा एक आणि खाणारे तीन आहेत, किंवा पुढे होणार आहेत, त्याने पगार कितीही असला तरी सार्वजनिक विमाच घ्यावा. दोघेही भरपूर कमावतात, मूल नको हे पक्के आहे आणि हप्त्यात आज वाचलेले पैसे म्हातारपणासाठी बाजूला ठेवण्याची शिस्त आहे, अशा जोडप्याने खासगीचा विचार करायला हरकत नाही. पण २८व्या वर्षी ‘मूल नको’ म्हणणारे ३५व्या वर्षी काय म्हणतात, हे आपण घरोघरी पाहतोच.

आणि यात एक मुदत आहे, जी एजंट सहसा सांगत नाही. जर्मनीत पहिल्यांदाच नोकरी धरणाऱ्या आणि मर्यादेपेक्षा जास्त पगार असणाऱ्याला स्वेच्छेने सार्वजनिक विम्यात जाता येते, मात्र नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत क्रांकनकासेला तसे कळवावे लागते. नवे घर शोधणे, महापालिकेत नोंदणी, मुलीची बालवाडी यांत हे तीन महिने कसे जातात ते कळतही नाही. भाच्याने रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात अर्ज केला. चाळीस युरोवाल्या पॉलिसीचा विषय पुन्हा निघाला नाही.

ती चाळीस युरोवाली पॉलिसी मग असते तरी काय?

ती ‘इनकमिंग’ किंवा ‘एक्स्पॅट’ नावाने विकली जाते. मूळ उद्देश पाहुणे, भाषावर्गाचे विद्यार्थी, किंवा विमानातून उतरल्यापासून नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंतची पोकळी भरणे हा. तेवढ्यासाठी ती उत्तम आहे आणि व्हिसासाठी तिचा कागद चालतोही. पण ती पूर्ण विम्याची जागा घेत नाही. पूर्वीचे आजार वगळलेले असतात, बाळंतपणावर अटी असतात आणि मुदत संपली की वाढलेल्या वयात, नव्या आजारांसह पुन्हा शून्यापासून सुरुवात. निवास परवान्याच्या नूतनीकरणाला परदेशी नागरिकांच्या कार्यालयात ती नाकारली गेल्याचे अनुभव आपल्याच लोकांकडून ऐकू येतात. विम्याविना गेलेल्या महिन्यांची थकबाकी किंवा दंडात्मक हप्ता मागाहून भरावा लागू शकतो, हे आणखी वर.

स्वतंत्र व्यवसाय करायला जाणाऱ्यांची अडचण आणखी मोठी असते. नोकरी नाही आणि युरोपातल्या विम्याचा पूर्वेतिहास नाही, म्हणून सार्वजनिक विम्याचे दार त्यांना बहुधा उघडत नाही. त्यांनी खासगी विम्याचा पक्का देकार हाती आल्याशिवाय तिकीट काढू नये.

विद्यार्थ्यांबाबत दोन वाक्ये. तिशीच्या आतील विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा महिन्याला दीडशे युरोच्या आसपास मिळतो. पैसे वाचवण्यासाठी त्यातून सूट घेऊन खासगी विमा घेतला, तर शिक्षण संपेपर्यंत तो निर्णय फिरवता येत नाही. दुसऱ्या सत्रात अपेंडिक्स दुखू लागल्यावर हे कळून उपयोग नसतो.

आरोग्याखेरीज आणखी कोणता विमा?

एकच आवर्जून सांगतो. नाव उच्चारायला जड आहे : हाफ्टफ्लिश्ट. म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले तर भरपाई देणारा दायित्व विमा. तो सक्तीचा नाही, म्हणून आपले लोक सोडून देतात. पण जर्मन नागरी कायद्यानुसार निष्काळजीपणाने केलेल्या नुकसानीची जबाबदारी अमर्याद असते. सायकलवरून जाताना एखाद्या पादचाऱ्याला धडक बसली आणि तो कामाला मुकला, तर त्याची भरपाई तुमच्या आजच्या आणि उद्याच्या कमाईतून जाते. आपल्याला विचित्र वाटेल असे उदाहरण म्हणजे किल्ली. अनेक इमारतींत एकाच किल्लीने मुख्य दार आणि स्वतःचे घर उघडते. ती हरवली तर अख्ख्या इमारतीची कुलपे बदलण्याचे बिल भाडेकरूच्या नावे येऊ शकते. वर्षाला साधारण पन्नास ते शंभर युरोत हा विमा मिळतो. घेताना हरवलेल्या किल्ल्या त्यात धरल्या आहेत ना, हे मात्र विचारावे.

मोटारीचा विमा तर सक्तीचाच आहे. भारतातला ‘नो क्लेम बोनस’ तिथे सहसा धरत नाहीत आणि आपला परवानाही सहा महिनेच चालतो. म्हणून पहिल्या वर्षी गाडीची घाई न केलेली बरी.

कंपनीने इथून पाठवले असेल तर?

पगार भारतातल्या कंपनीकडूनच चालू असेल तर गणित बदलते. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. भविष्य निर्वाह निधी संघटनेचे प्रमाणपत्र घेतले की ४८ महिन्यांपर्यंत जर्मन निवृत्तिवेतनाची वर्गणी भरावी लागत नाही आणि आपला पीएफ चालू राहतो. पण हा करार निवृत्तिवेतनासाठी आहे, आरोग्य विम्यासाठी नव्हे. तेव्हा कंपनीची आरोग्य पॉलिसी सोबत येणाऱ्या जोडीदाराला आणि मुलांना लागू आहे का, गरोदरपण त्यात आहे का, हे मनुष्यबळ विभागाकडून लेखी घ्यावे. ‘सगळं कव्हर आहे’ असे तोंडी आश्वासन तर प्रत्येकालाच मिळते.

भारतातल्या पॉलिसींचे काय करायचे?

‘आता तिकडे विमा आहे, इथली कशाला भरायची’ म्हणून मेडिक्लेम सोडणारे पुष्कळ. माझ्या मते ही दुसरी मोठी चूक. भारतातली पॉलिसी बहुधा भारतातल्याच उपचारांपुरती असते, हे खरे. पण परत यायचे झाले तर? विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार पूर्वीच्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो आणि पाच वर्षे सलग हप्ते भरले, की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. मधे खंड पडला तर हे सगळे पुन्हा पहिल्यापासून. चाळिशीत रक्तदाब घेऊन परतलेल्या माणसाला नवी पॉलिसी कुठल्या अटींवर मिळेल याची कल्पना करा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. मोठी रक्कम नको असेल तर लहान पॉलिसी ठेवा, पण धागा तोडू नका.

टर्म विमा निघण्याआधी घेतलेला बरा. मृत्यू परदेशात झाला तरी बहुतेक टर्म पॉलिसी दावा देतात, पण पॉलिसीत परदेशी वास्तव्याविषयी काय लिहिले आहे ते वाचून कंपनीला नवा पत्ता कळवून ठेवावा.

पॉलिसी मुद्दाम सोडण्यापेक्षा नकळत सुटण्याचा धोका जास्त. अनिवासी झाल्यावर नियमाप्रमाणे बचत खाते एनआरओ करावे लागते. त्या बदलात हप्त्याचा ऑटो-डेबिट कधी कधी तुटतो. आठवणीचा एसएमएस जातो जुन्या भारतीय क्रमांकावर, आणि तो क्रमांक रिचार्जअभावी केव्हाच बंद झालेला असतो. माझ्या एका सहकाऱ्याची अकरा वर्षांची पॉलिसी अशीच गेली. त्याला कळले ते पुढच्या दिवाळीत घरी आल्यावर, वडिलांनी ड्रॉवरमधली पत्रे हातात ठेवली तेव्हा.

आई-बाबांना नेता येईल का?

प्रत्येक फोन शेवटी याच प्रश्नावर येतो आणि यातच सगळ्यात जास्त निराशा आहे. १ मार्च २०२४ नंतर कुशल कामगार म्हणून पहिल्यांदा निवास परवाना मिळालेल्यांना आई-वडिलांना, आणि जोडीदार तिथे कायम राहणार असेल तर सासू-सासऱ्यांनाही, बोलावण्याची वाट जर्मनीने उघडली. ती बातमी आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर पेढे वाटावेत तशी फिरली. अट मात्र कोणी पुढे पाठवली नाही. त्यांचा निर्वाह आणि पुरेसा आरोग्य विमा यांची खात्री द्यावी लागते. आई-वडील मुलाच्या कौटुंबिक विम्यात बसत नाहीत, तो जोडीदार आणि मुलांपुरता. सत्तरीत पहिल्यांदा युरोपात पाऊल ठेवणाऱ्याला सार्वजनिक विमा घेत नाही. राहिला खासगी, आणि तिथे मधुमेह, अँजिओप्लास्टी, गुडघे सगळे विचारले जाते. कायद्याने खासगी कंपन्यांना एक मूलभूत योजना ठेवावी लागते, पण तिच्या हप्त्याची कमाल मर्यादाच २०२६ मध्ये महिन्याला सुमारे १,०१७ युरो आहे, दर माणशी. दोघांचे मिळून वर्षाला २४ हजार युरो. भाच्याच्या ८२ हजारांतून कर आणि वर्गण्या वजा केल्यावर हे कसे भागणार?

जे सरकार मुलांना जर्मन शिकवून पाठवायला निघाले आहे, त्याने हे गणित त्याच वर्गात एक तास घेऊन सांगायला हवे. नामांच्या तीन लिंगांइतके तरी ते महत्त्वाचे आहे. निदान पुढे आई-बाबांना नेऊ, या भरवशावर कोणी इथले घर विकून टाकणार नाही.

भाच्याच्या घरी सध्या निघालेला तोडगा असा. ताई आणि भावोजी उन्हाळ्यात शेंगेन व्हिसावर जातात, १८० दिवसांत ९० दिवस. किमान ३० हजार युरोचा प्रवास विमा असतो आणि त्यात तातडीच्या आजाराचाच खर्च मिळतो, म्हणून भावोजींची तीन महिन्यांची औषधे पिशवीत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. इथली मेडिक्लेम चालू आहे. तिचा हप्ता भाचा भरतो, आणि आठवणीचा एसएमएस आता माझ्याही फोनवर येतो.